वरच्या जबड्यातले दात

कोटाच्या खिशातून पिल्लू काढून मी ते बायकोसमोर धरलं, तेव्हा मला वाटलं होतं की ती आनंदानं किंचाळेल. किंचाळली खरी, पण उडी मारून पाटावर चढली आणि मग किंचाळली.

पन्नास सालानंतरची ही गोष्ट. पिंपरीच्या माळावर नुकताच औषधांचा कारखाना उभा राहिला होता, मी तिथे बाटल्या भरायच्या खात्यात होतो आणि आमच्या लग्नाला जेमतेम सहा महिने झाले होते. पिल्लू होतं पामेरियन. पांढरंशुभ्र, नारळाएवढं, पिंजाऱ्याच्या दुकानातून वाऱ्यानं उडून आलेल्या कापसासारखं. देहूरोडच्या छावणीतल्या एका साहेबाची मद्रासला बदली झाली आणि त्यांच्या मडमेनं स्टेशनवरच ते माझ्या हातात दिलं. काय खातं, कुठे झोपतं, कशाला घाबरतं, सगळं मी विचारून घेतलं. वय विचारायचं तेवढं राहिलं. गाडी सुटली आणि पिल्लाचं वय मद्रासला गेलं.

"याला पिसाळण्याची लस टोचलीय का?" पाटावरूनच प्रश्न आला.

"नसावी."

"मग उंबऱ्याच्या आत नाही. आठ दिवसांत सुई, नाहीतर जिथून आणलंत तिथे परत."

ती हट्टानं बोलत नव्हती. माहेरी, तळवड्याला ती लहान असताना तिच्या चुलत्याला कुत्रं चावलं होतं. त्याला पुण्याला नेऊन पोटात चौदा सुया टोचल्या होत्या, रोज एक. तो घरी येऊन कण्हायचा आणि ही दाराआडून मोजायची. चौदा हा आकडा ऐकला तरी तिचा हात पोटावर जायचा.

दुसऱ्या दिवशी मी पिल्लू सायकलच्या टोपलीत घालून चिंचवडला गुरांच्या दवाखान्यात नेलं. अंगणात बैल, म्हशी आणि त्यांच्यामध्ये आमचा कापूस. तेवढ्यात डॉक्टरांनी एका बैलाला टोचलं. ती पिचकारी सायकलच्या पंपाएवढी होती. मी पिल्लू कोटाच्या आत लपवलं.

"घाबरू नका, याची वेगळी आहे," डॉक्टर हसले. "पण तीन महिने पुरे झाल्याशिवाय मी टोचत नाही. कोवळ्या अंगात लस नीट लागू पडत नाही. वय काय याचं?"

"लहान आहे."

"ते दिसतंय हो. या जातीचं म्हातारं कुत्रंही लहानच असतं." त्यांनी चिमट्यासारखी दोन बोटं लावून त्याचं तोंड उघडलं. "दुधाचे दात सगळे आलेत, हलत एकही नाही. दोन महिन्यांचं असेल, तिनाचंही असेल. पुढचा दात पडला की आणा."

म्हणजे बघा. घरी सुईशिवाय प्रवेश नाही आणि दवाखान्यात वयाशिवाय सुई नाही. पिल्लू ओसरीवर संत्र्यांच्या खोक्यात, आणि बायको ये-जा करताना झाडू तलवारीसारखा पुढे धरून. सहा दिवस असे गेले. सातव्या दिवशी तीच म्हणाली, "आबांना बोलवा. दात बघण्यात आबा चुकत नाहीत."

आबा म्हणजे माझे सासरे. चाकणच्या बैलबाजारात त्यांचा दरारा होता. सौदा कुणाचाही असो, आबांनी बैलाच्या तोंडात पाहून वय सांगितलं की घेणारा आणि विकणारा दोघेही गप्प. ते डोक्याला मुंडासं गुंडाळून, कानात विडी खोचून आले. खोक्यात वाकून बघितलं आणि हसून हसून त्यांना ठसका लागला.

"पाव्हणं, ह्यो ससा हाय का कुत्रं?"

"कुत्रं आहे. वय सांगा."

"त्यात काय!"

त्यांनी मांडी ठोकली, पिल्लू उचललं आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं अंगठा तोंडात सारला. आता बैलाच्या वरच्या जबड्यात पुढे दात नसतातच, नुसती हिरडी. बैलाचं तोंड उघडणारा माणूस वरची बाजू धरतो तो बिनघोर. आबांनीही बिनघोर धरली.

"आयायायाया! आरं, ह्येला वर बी हायेत!"

अंगठ्यावर रक्ताचा एक थेंब आला. बायकोचा हात पोटावर गेला. मग तिनं आबांना ओढत नळाखाली नेलं आणि तो अंगठा साबणानं इतका वेळ धुतला की आबा म्हणाले, "पोरी, आता हाड दिसंल."

आबांना सायकलच्या मागे बसवून मी कारखान्याच्या दवाखान्यात नेलं. त्यांचं मुंडासं सुटून अर्धा रस्ता आमच्यामागे फडफडत आलं. डॉक्टरांनी सांगितलं, पिल्लू बांधून दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवा. धडधाकट राहिलं तर सुया नकोत. काही बिघडलं तर लगेच या, चौदा.

"मग मी हितंच ऱ्हानार," आबांनी जाहीर केलं. "माजं प्वाट ह्येच्यावर टांगलंय. नजरंआड करनार न्हाई."

आणि अशा रीतीनं, सुई न टोचलेलं पिल्लू उंबरा ओलांडून आलं. आबांच्या खाटेच्या पायाला ते बांधलं. पिसाळलेल्याला पाणी चालत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे त्यानं वाटीला जीभ लावली की बायको चुलीपासून ओरडायची, "प्यायलं! आबा, पाणी प्यायलं!" आणि आबा खाटेवरून देवाला हात जोडायचे. सहाव्या दिवशी त्यानं दुधाला तोंड लावलं नाही. घरात सुतक. आबा धोतर सैल करून स्वतःचं पोट चाचपू लागले. मग कबुलीजबाब सुरू झाले. मी त्याला गुपचूप पाव दिला होता, आबांनी भाकरी, आणि बायकोनं, जी त्याला चार हात लांबून बघत होती, तिनं साय. पिल्लू आजारी नव्हतं, तट्ट फुगलं होतं.

दहाव्या दिवशी सकाळी ते आबांच्या मुंडाशाचं टोक ओढत होतं आणि आबा खोटंखोटं गुरगुरत होते. एकदम बायको खाली वाकली. तिनं तळहात पुढे केला, त्यावर तांदळाच्या कणीएवढं काहीतरी.

"अहो, दात! पुढचा!"

त्या दिवशी आम्ही तिघं त्याला घेऊन चिंचवडला गेलो. आबा सुटले आणि पिल्लू अडकलं. पिचकारी बोटाएवढीच होती. पिल्लानं हूं की चूं केलं नाही. डोळे आबांनी मिटले होते.

परतताना आबा म्हणाले, "पोरी, तुला कुत्र्याचं भ्या वाटतं. ह्येला मी तळवड्याला न्हेतो."

तिनं पिल्लू पदराखाली घेतलं. "आबा, सुई टोचलीय आता त्याला. ते आमच्या घरातलं आहे."

"बरं बाई. दात तरी दे."

तो दात आबांनी चंचीत सुपारीशेजारी ठेवला. पुढे कित्येक बाजार चाकणला बैलांचे सौदे थांबवून लोकांना तो बघावा लागे. "बगून घ्या," आबा अंगठ्यावरचा व्रण दाखवत सांगायचे, "ह्यो वरचा हाय."