हसलं की मी पडते

बहिणीच्या मुलाच्या हळदीत तिने होणाऱ्या विहीणबाईंची नक्कल केली. पदर सावरत, नाक उडवत, अगदी हुबेहूब. मी हसले आणि मान लुळी पडली, मग जबडा, मग गुडघे. बायकांच्या घोळक्यात मी खाली कोसळले.

"फिट आली! चप्पल हुंगवा, जल्दी!" कोणीतरी ओरडलं. लगेच एक धुळीने माखलेली चप्पल माझ्या नाकाशी आली. मला वास येत होता, सगळं ऐकू येत होतं, फक्त "अहो, बाजूला घ्या ती" म्हणायला जीभ हलत नव्हती. डोक्याशी बसलेल्या चुलत सासूबाई म्हणाल्या, "लग्नाआधीचंच असंल हे. सांगितलं न्हाई कुणी." बाई बेशुद्ध आहे या भरवशावर माणसं काय काय बोलतात! थोड्या वेळाने अंगात त्राण आलं, तर चपलेचा गुण आला म्हणून सगळ्या खूश.

पुढे संभाजीनगरच्या डॉक्टरांनी नीट समजावलं. बहीण सोबत होती. स्वप्न पडतं तेव्हा मेंदू हातपाय सैल सोडतो, नाहीतर माणूस झोपेतच धावत सुटेल. माझा मेंदू जोराचं हसू आलं की जागेपणीच तसं करतो. ही फिट नव्हे. मला दिवसा येणारी अनावर झोपही याच दुखण्याची. मला हायसं वाटलं. बहिणीने मात्र एवढंच धरलं, की हसलं की ही पडते.

तेव्हापासून मला कोणी हसवत नाही. मी खोलीत गेले की आमचे हे टीव्हीवरचा विनोदी कार्यक्रम बदलून बातम्या लावतात. सगळे जपतात, आणि त्या जपण्याचा मला संताप येतो. भरल्या घरात मी एकटी पडले आहे.

परवा बहीण घनसावंगीहून आली. लहानपणापासून मला पोट धरून हसायला लावणारी ती एकटीच. मी आपणहून जमिनीवर गादी टाकली, दोन्ही बाजूंना उशा लावल्या आणि मध्ये बसले.

"आता पडायला खाली जागाच न्हाई. सांग, नव्या सूनबाईंचं काय चाललंय?"

तिच्या भुवया वर गेल्या. काहीतरी भारी आठवलं होतं तिला. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदराने तोंड पुसलं.

"बरी हाय. औंदा सोयाबीनला भाव न्हाई बघ."

निघेपर्यंत ती सोयाबीनवरच बोलत राहिली. ती गेल्यावर मी त्याच गादीवर बसून रडले. रडताना मला काहीच होत नाही. हात, पाय, मान, सगळं जागच्या जागी राहतं.