तारेने बांधलेली नावं

प्रशिक्षण म्हटलं की आधी नाश्ता काय आहे आणि सही कुठे करायची ते बघायचं, ही आम्हा शिक्षकांची जुनी खोड. त्यामुळे वनखात्याने पेठकडच्या जंगलात दोन दिवस पायी हिंडवलं तेव्हा मी पहिल्या चढालाच कुरकुरायला लागले. शिकवायला एक तरुण वनरक्षक. त्याच्या वयाइतकी माझी नोकरी झालेली. शिवाय प्रत्येक मुलाच्या नावाचं एक झाड ही आमच्या शाळेतली योजना माझीच. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात त्या बाजूच्या कुंपणालगत झाडांची रांग, प्रत्येक खोडाला पत्र्याची पाटी आणि पाटीवर मुलाचं नाव. पाहुणे आले की फोटो तिथेच. मला हा झाडांबद्दल काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी तो उभ्याउभ्या वाळलेल्या एका झाडापाशी थांबला. खोडाला तार होती, अर्धी सालीत गेलेली. तारेच्या वर खोड फुगलेलं, खाली बारीक.

"मॅडम, याला ना कुऱ्हाड लागली ना कीड. कुणीतरी बोर्ड बांधला अन् इसरून गेलं. झाड जाड होतं, तार थोडीच वाढती? पानातलं जेवण सालीतून मुळाला जातं, ते हितंच अडलं. मुळं उपाशी मेली."

पाणी वर, अन्न खाली. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते आणि परीक्षेत बाण उलटा दिसला की मार्क कापते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! आमच्या सगळ्या पाट्या मीच बांधकामाच्या तारेने बांधल्या होत्या, वाऱ्याने हलू नयेत म्हणून पकडीने पिळून. तिथेच एका दगडावर बसले.

आणि मग आमच्या शाळेतली ती मुलगी आठवली. चौथीत असताना तिने करंज लावला होता आणि ती सातवीत असताना तो वाळला. बाकी सगळ्यांची झाडं हिरवी, हिचंच वाळलेलं. परिपाठाला मी तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं. "नाव लावायला आवडतं, पाणी घालायला नको!" उचलली जीभ लावली टाळ्याला. मुलं हसली होती. पुढे ते झाड तोडताना पाटी निघेना, तार आत रुतली होती. ते पाहून मी एवढंच म्हणाले होते की पाटी वाकवू नका. म्हणजे मी डोळ्यांनी बघितलं होतं!

"सगळ्यांना सारखीच तार असेल, तर एकच झाड आधी का मरेल?" मी वनरक्षकाला विचारलं.

"जे जोमानं वाढतं त्यालाच फास आधी बसतो, मॅडम. त्याला पाणी लय मिळालं असंल."

रविवारी पक्कड घेऊन शाळेत गेले. काही तारा सुटल्या, काही इतक्या खोल होत्या की तुकडे आतच राहिले. हात सोलवटले, ते बरंच झालं. तशीच तिच्या घरी गेले. ती आता अकरावीला आहे. दारातच तिला म्हटलं, "तुझं झाड मी मारलं गं. तू पाणी घालत होतीस." आणि तारेचं सगळं सांगितलं.

ती हसली. मला बसायला खुर्ची पुसून दिली.

"जाऊ द्या ना मॅडम. माझ्या हातालाच गुण नाय. आई तर कांदे लावायलाही मला वाफ्यात उतरू देत नाय. म्हणते, तू फक्त रोपं आणून दे."

चार वर्षं! शेतकऱ्याच्या घरातली पोर, आणि माझ्या एका वाक्याने तिचा हात मातीतून काढून घेतला होता. मला खुर्चीवर बसवेना. मी उभ्यानेच तिच्या आईला हाक मारली.