शेवटची सतरा मिनिटे

"आधी आखो बघ, मगे काय ता बोल."

आखो म्हणजे आखा, पुरा. हे तो सगळ्यांना सुनावायचा. लग्नाची कॅसेट लावल्या लावल्या वरमाई कुरकुरली, की मी कुठे दिसतच नाही, तर तिला हेच. एकदा डॉक्टर त्याच्या छातीचा एक्स-रे उजेडात धरून तोंड वाकडे करू लागला, तर त्यालाही हेच.

आमच्या बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ होता. लग्ने, मुंजी, बारशी यांचे व्हिडिओ शूटिंग हा धंदा. मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि शाळा सुटली की त्याच्या बाकावर जाऊन बसायचो. आयुष्यात त्याने एकच पिक्चर काढला, कॅसेटच्या जमान्यात, आणि तोही मढी उठून चालू लागतात असला. आता मुले मला विचारतात, "सर, तो पिक्चर आज बघवतो का हो?" विचारताना आधीच हसत असतात. त्यांनी मोबाइलवर त्याचा चाळीस सेकंदांचा तुकडा पाहिलेला असतो, वर कुणीतरी हशाचे आवाज चिकटवलेले. माझ्या मस्तकात तिडीक जाते.

तुम्हाला नीट सांगतो, मग तुम्हीच ठरवा.

आमच्या गावात गावपळण असते. काही वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळा गाव, गुरे, कोंबड्या, कुत्र्यांसकट, तीन दिवस वेशीबाहेर माडाच्या झापांच्या खोपी बांधून राहतो. गावात चिटपाखरू उरत नाही. एरवी शूटिंगला या म्हटले तर कुणाचे भात, कुणाचे काजू, कुणाचे जाळे. या तीन दिवसांत मात्र सगळे मोकळे, पत्ते कुटत बसलेले. त्याने हेच हेरले. गोष्टही तिथलीच. माणसे बाहेर गेलेली पाहून गावातले आजवरचे मेलेले आपापल्या घरी परत येतात आणि चौथ्या दिवशी घर सोडायला तयार होत नाहीत.

मेलेले झाले आमचेच लोक. तोंडाला तांदळाचे पीठ, ओठांवर कोकमाचे आगळ. मी म्हटले, "अरे, भुतांचे पाय उलटे दाखव." तो भडकला. "भुतां न्हय ती! आपली माणसां आसत. पाय उलटे कशे आसतीत?"

कॅमेरा वेशीच्या आत न्यायचा नव्हता. मी तेव्हा तरुण आणि मूर्ख. म्हटले, दहा पावले आत जाऊ, कोण बघतंय? तो म्हणाला, "गाव तीन दिस एकटो ऱ्हवता. तेका ऱ्हवांदे." मग वेशीवरच स्टँड लावून त्याने लांबून रिकामी पाणंद घेतली, पुरी दोन मिनिटे. ना माणूस, ना कुत्रे. एका अंगणात दोरीवर विसरलेला टॉवेल तेवढा हलतोय. आजही ते बघताना माझ्या अंगावर काटा येतो.

घोटाळा झाला तो पुढे. एका बाजूला मेलेल्यांचा घोळका, दुसऱ्या बाजूला जिवंत गाव, समोरासमोर. परदेशी पिक्चरात अशा वेळी बंदुका काढतात. आमच्याकडे एक म्हातारे गावकार पुढे झाले आणि देवापुढे घालतात तसे त्यांनी गाऱ्हाणे घातले. "बा म्हाराजा, तुमचा जा काय ऱ्हवला असात, आमच्या हातून जा काय चुकला-माकला असात, ता पदरात घेवा आणि आपल्या जाग्यार समाधानान ऱ्हवा रे म्हाराजा!" मेलेल्यांनी गप्प राहायचे ठरले होते. पण गाऱ्हाणे संपले की काय म्हणायचे ही जन्मभराची सवय. सगळी मढी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

मी कपाळावर हात मारला. परत घेऊ म्हटले. तो ऐकेना. "मेल्यार सवय जाता काय रे?" म्हणाला आणि तोच तुकडा ठेवला. पिक्चर पहिल्यांदा देवळामागच्या मांडवात टीव्हीवर लावला तेव्हा त्या जागी एक माणूस हसला नाही. बघणारेही बसल्या जागी "व्हय म्हाराजा" म्हणाले, काहींनी तर हात जोडले. आज मोबाइलवर फिरतो तो तुकडा हाच.

शेवटची सतरा मिनिटे त्याच्या आईची आहेत. तिचा नवरा, म्हणजे याचा बाप, होडी घेऊन गेला तो परत आला नाही. देहही मिळाला नाही. हा तेव्हा आठ वर्षांचा. पिक्चरात ती मेलेल्यांमध्ये आपला नवरा ओळखते. नवऱ्याचे काम करायला कुणी तयार होईना, म्हणून बापाचा जुना सदरा घालून हा स्वतः उभा राहिला आणि कॅमेरा माझ्या हातात दिला. चौथ्या दिवशी, कौल होऊन गाव खुला झाल्यावर आम्ही हे घेतले. तिने नवऱ्याला पाहून किंचाळायचे, असे याने लिहिले होते. "घोवाक कित्या भियाचा?" असे म्हणून तिने ते उडवूनच लावले. सरळ त्याच्यापर्यंत चालत गेली, सदऱ्याची कॉलर नीट केली आणि विचारले, "जेवलंस?" मग त्याचा हात धरून घराकडे वळली. मागून एकेक जिवंत माणूस पुढे होऊन आपापला मेलेला शोधू लागला.

 माझ्या हातून ते चित्र हललेलेच आले आहे. पुढच्या वर्षी ती गेली. अर्ध्या तालुक्याची लग्ने टिपणाऱ्या या माणसाकडे स्वतःच्या आईचे चालते-बोलते चित्र तेवढेच उरले.

आता, पिक्चर आज टिकतो का? खरे सांगतो, पहिला अर्धा तास नाही टिकत. आगळ उन्हात जांभळे दिसते. एका मढ्याच्या मनगटाला घड्याळ आहे, दुसरे मढे मानेवरचा डास मारते, मागून एसटीचा हॉर्न ऐकू येतो. हसा की! तोही पोट धरून हसायचा. पण हसून झाल्यावर बसून राहा, एवढेच त्याचे मागणे होते आणि तेवढेही आमच्याने झाले नाही.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावर कसलासा पर्यटन महोत्सव झाला. आयोजक एक रिसॉर्टवाला. त्याने हा पिक्चर संध्याकाळी मोठ्या पडद्यावर लावायचे ठरवले आणि नाक्यावर फलक लावला, "हसून हसून मरा!" याने तो फलक वाचला. मी निवेदक होतो. मला एवढेच विचारले, "आखो दाखवतले मां?" मी शब्द दिला.

सदऱ्याला इस्त्री करून, वहिनींना घेऊन तो पहिल्या रांगेत बसला. लोक पहिल्यापासून शिट्ट्या मारत होते. "व्हय म्हाराजा"ला तर धुमाकूळ. "परत, परत" ओरडले म्हणून तो तुकडा तीनदा दाखवला. त्यात वेळ गेला. पडद्याच्या कडेला त्याची आई दिसू लागली आणि माझ्या हातात आयोजकाची चिठ्ठी आली. इथेच थांबवा, सत्कार उरका, जेवणाची वेळ झाली.

आणि मी थांबवले. वर्गात खोटे बोलणाऱ्या पोरांना तीस वर्षे अंगठे धरायला लावणाऱ्या या मास्तराने माइकवर गोड आवाज काढून सत्कार जाहीर केला. पडद्यावर आईच्या जागी फिशथाळीची जाहिरात आली. अंगावर शाल, हातात नारळ घेऊन तो आयोजकाला हळूच म्हणाला, "सतरा मिनटां ऱ्हवली आसत."

"काका, पब्लिकला आवडलं ना? मग झालं तर!"

त्याने हो म्हणून मान हलवली. मान हलवली! अरे, नारळ आपट, माइक ओढ, माझी गचांडी धर. दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेलो तर त्याने चहा मागवला आणि माझ्या गुडघ्याची चौकशी केली. याने एक थोबाडीत दिली असती तर मी सुखाने घरी गेलो असतो.

चार महिन्यांत तो गेला. तेच छातीचे दुखणे.

दहाव्याला आम्ही खाडीच्या काठी जमलो. पांढरे कपडे घालून आयोजकही आला होता. मेलेल्याचे काही राहिले असेल तर पिंडाला कावळा शिवत नाही, मग जमलेल्यांनी हात जोडून कबूल करायचे असते, तुझे हे हे आम्ही करू. मी मनात म्हणत होतो, नको शिवू रे. तासभर बसव सगळ्यांना उन्हात. त्या रिसॉर्टवाल्याच्या तोंडून चारचौघांत वदवून घे, की आखा दाखवतो. माझेही वाक्य तयार होते.

भटजी चार पावले मागे सरकतात न सरकतात तोच कावळा आला. भात खाल्ला, चोच पानाला पुसली, उडाला.

"बरो माणूस," कुणीतरी म्हणाले, "कायच मागे ठेवल्यान नाय." आयोजकाने घड्याळ पाहिले आणि चपला घातल्या.

मी काठावरचा दगड उचलला आणि त्या कावळ्याच्या मागे भिरकावला. वहिनी बघत होत्या. मला लाज वाटली नाही.