मायाप्पा पडद्याकडे पाठ करून नाचला

भारत जेऊरकरचा पिक्चर चांगला असतो, असं मायाप्पानं घरात किंवा कारखान्यात आजवर कधी म्हटलेलं नाही. आणि पहिल्या दिवशीचा पहिला खेळ त्यानं चुकवला, असंही कधी झालेलं नाही. आता याला काय म्हणायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात चार माग एकट्यानं सांभाळणारा, पंचेचाळिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप असलेला हा माणूस शुक्रवारी रजा टाकायचा, कपाळाला भंडारा लावायचा आणि थेटरासमोर पंचवीस-तीस जण गोळा करून जेऊरकरच्या बॅनरला हार घालायचा. मग आत बसून अडीच तास मनातल्या मनात शिव्या द्यायचा. बाहेर आल्यावर कुणी मोबाईल पुढं धरून पिक्चर कसा वाटला म्हणून विचारलं, की मात्र छाती फुगवून 'एक नंबर' म्हणायचा.

त्या पिक्चरांत असायचं तरी काय? पहिल्या गाण्यात जेऊरकर ट्रॅक्टरवर, दुसऱ्यात उघड्या मोटारीत, तिसऱ्यात कुठल्यातरी परदेशातल्या पुलावर. प्रत्येक गाण्यात गॉगल वेगळा आणि मागं नाचणाऱ्या पोरी मात्र त्याच. मधे गोष्ट म्हणून एक सासरा रागवायचा आणि शेवटी हसायचा. मायाप्पाच्या शेजारच्या मागांवर काम करणारा बसवराज म्हणायचा, याला गळा देवानं दिलाय आणि ष्टोरी मेव्हण्यानं लिहून दिलीय. मायाप्पाला ते मनापासून पटायचं आणि तरीही राग यायचा. आपल्या घरच्या माणसाला आपण वाटेल ते बोलावं, दुसऱ्यानं बोललं की अंगाला लागतं, तसलाच हा प्रकार होता.

बसवराजचं आणि त्याचं हे सगळं भांडण आवाजाविनाच चालायचं. मागांच्या खडखडाटात तोंडाजवळ कान नेला तरी ऐकू येत नाही. त्यामुळे मागावरची माणसं ओठ बघून बोलतात. वीस वर्षं मागावर काढलेला माणूस वीस फुटांवरनं समोरच्याच्या ओठांवरची शिवी ओळखतो. मायाप्पाला तर कन्नड येत नसताना बसवराजच्या ओठांवरचं कन्नडसुद्धा कळायचं.

जेऊरकरचा आणि त्याचा संबंध पिक्चरचा नव्हताच मुळी. बारा वर्षांपूर्वी करमाळ्याला कमलाभवानीच्या जत्रेत त्यानं त्याला पहिल्यांदा ऐकलं. तेव्हा जेऊरकर म्हणजे जेऊर स्टेशनाजवळचा एक काळा, किडकिडीत गडी, अंगात इस्त्री नसलेला सदरा. गाणं रंगात आलं आणि लाईट गेली. माईक बंद. बाकीचे वादक थांबले, हा थांबला नाही. नुसत्या ढोलावर, उघड्या गळ्यानं त्यानं पुढची ओवी उचलली आणि त्या माळावरचं शेवटचं माणूससुद्धा गप्प झालं. दिवसभर खडखडाट ऐकून बधिर झालेल्या मायाप्पाच्या कानांना त्या दिवशी आपण अजून ऐकू शकतो याचा पत्ता लागला. तो रडला. हे त्यानं बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. सोलापूरला परत आल्यावर त्यानं 'भारत जेऊरकर प्रेमी मंडळ, सोलापूर' काढलं. तो आवाज एकदा तरी पिक्चरमधे पुन्हा तसाच ऐकायला मिळेल, या आशेवर त्यानं पुढचे सात पिक्चर सोसले.

तीन वर्षांपूर्वी जेऊरकर सोलापुरात कार्यक्रमाला आला, तेव्हा लॉजवरच्या खोलीत मंडळाच्या लोकांना दहा मिनिटं भेट मिळाली. जेऊरकर आता गोरा झाला होता. कसा झाला ते देव जाणे. पण बोलायला तसाच होता. आपल्याकडचं जुनं काय असंल तर द्या की, म्हणाला. मायाप्पानं घसा खाकरला आणि आपल्या आईची ओवी म्हटली.

*भीमे, वाईच थांब गं,*
*तुझ्या मागं माझी हाक गं,*
*वल्या वाळूत तुझं पाय गं,*
*कुटं पुसलं सांग बाई.*

ही ओवी त्याच्या आईची, राजाबाईची स्वतःची. मायाप्पाचे आईबाप मंगळवेढ्याकडचे, मेंढरं घेऊन फिरणारे. भीमा नदीकाठी मेंढरांच्या वाड्यावर, उघड्या तळावर असताना मुलगी झाली म्हणून तिचं नाव भीमा ठेवलं. नऊ वर्षांची असताना ती मेंढरांच्या पुढं पुढं नदीत उतरली. आईनं काठावरनं हाक मारली, वाईच थांब. पाणी चढत होतं. हाकेला वळून बघायलाही पोरीला वेळ मिळाला नाही. मायाप्पा तेव्हा चार वर्षांचा, आईच्या पाठुंगळीला होता. त्याला बहिणीचा चेहरा आठवत नाही. आईच्या पाठीला कान लावलेला होता आणि ती हाक त्या पाठीतनं ऐकू आली, एवढंच आठवतं. पुढं राजाबाई जोंधळे निवडताना, गोधडी शिवताना आपल्याशीच ती ओवी म्हणायची. कुणी जवळ आलं की थांबायची.

जेऊरकरनं डोळे मिटून ऐकलं. पुन्हा म्हणायला लावलं, मोबाईलवर रेकॉर्ड केलं. मग मायाप्पाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, नदीवरची ओवी लई भारी हाय, भीमा म्हंजे आपली समद्यांची आईच की. मायाप्पानं तोंड उघडलं होतं. नदी नव्हं, माझी भण, एवढं सांगायला किती वेळ लागतो? पण खांद्यावर जेऊरकरचा हात होता. मंडळाचे लोक मोबाईलवर चित्रण करत होते. त्या क्षणी दुरुस्ती सांगणं म्हणजे त्या हाताला खाली घे म्हणण्यासारखं त्याला वाटलं. तो म्हणाला, व्हय.

घरी आल्यावर त्यानं आईला सांगितलं की भीमाची ओवी जेऊरकरनं घेतलीय, पिक्चरमधे म्हणणार आहे. राजाबाईनं एकच विचारलं, भीमा कोण ते त्याला सांगितलंस का. सगळं सांगितलं, असं मायाप्पा म्हणाला. म्हातारीनं हातातली गोधडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, तसं असंल तर म्हणू दे, त्याला गळा हाय.

यंदा जूनमधे नवा पिक्चर आला. नाव 'पाव्हणं निघालं गोव्याला'. नाव ऐकूनच बसवराजनं कपाळाला हात लावला. पण जेऊरकरनं मोबाईलवर लाईव्ह येऊन सांगितलं होतं की यात सोलापूरच्या एका भावानं दिलेलं गाणं आहे, ते थेटरातच ऐका. मंडळात मायाप्पाचा भाव एकदम वधारला. ते गाणं सुरू झालं की पहिला तूच उठायचं, आम्ही तुझ्या मागं, असं ठरलं. मायाप्पानं सांगितलं की या गाण्यावर उठायचं नाही, हे बसून ऐकायचं गाणं आहे, कुणी शिट्टीसुद्धा मारायची नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. आणि जन्मात कधी थेटराची पायरी न चढलेल्या आईला त्यानं नवं इरकल नेसवून, रिक्षात बसवून आणलं. पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. त्याला दुसरं काही नको होतं. भीमाचं नाव त्या करमाळ्याच्या आवाजात आईच्या कानावर एकदा पडावं, की बारा वर्षांच्या शिव्या फिटल्या, असं त्याचं साधं गणित होतं.

पिक्चर नेहमीसारखाच निघाला. सासरा रागवला. जेऊरकर गॉगल लावून गोव्याला गेला. मध्यंतर झालं. राजाबाईनं दोनदा विचारलं, आलं का रं? मायाप्पा म्हणाला, येईल. शेवटी येईल, चांगलं असतं ते शेवटी ठेवतात.

मग समुद्रकाठचं एक गाणं सुरू झालं. आधी नुसता डीजे, खुर्च्या हलवणारा. मग मशिनीतनं काढल्यासारखा चिरका आवाज, 'भी भी भी, भी भी भी'. थेटर उसळलं. हे ते गाणं असणं शक्यच नव्हतं, त्यामुळे मायाप्पा निर्धास्त होता. ते यायचं तेव्हा येईल, तोवर मंडळाची आब राखायला हवी. मंडळाच्या लोकांनी त्याला ओढून पुढं नेलं, तसा तो नाचला. म्होरक्यानं नाचायचं ते पडद्याकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, म्हणजे मोबाईलमधे मागं जेऊरकर आणि पुढं आपण दिसतो. ही पद्धत मायाप्पानंच सोलापुरात पाडली होती. त्यानं टॉवेल काढून डोक्यावर फिरवला. गुडघे वाकवून, कंबर हलवून तो असा नाचला, की बायकोनं पाहिलं असतं तर तोंडाला पदर लावला असता. शब्द त्याच्या कानावर आदळत होते, पण त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. कारखान्यातही असंच असतं.

नाचता नाचता त्याची नजर आईकडे गेली. पडद्यावरचा निळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता आणि तिचे ओठ हलत होते. मायाप्पानं सवयीनं ओठ वाचले.

वल्या वाळूत तुझं पाय गं.

त्यानं मान वळवून पडद्याकडे पाहिलं. ओली वाळू होती. त्या वाळूतनं एका पोरीचे उघडे पाय पळत होते, मांडीपर्यंत, आणि जेऊरकर गॉगल वर करून ते पाय बघत मागं लागला होता. भीमे, वाईच थांब गं. भीमे, भी भी भीमे. मायाप्पाचा वर केलेला हात तसाच वर राहिला. तेवढ्यात मंडळाच्या दोघांनी त्याला खांद्यावर उचललं. हेच ते, हेच ते, असं कुणीतरी ओरडलं, गाणं सोलापूरचं म्हणून थेटरभर कागदाचे तुकडे उडाले. त्याला खाली उतरायचं होतं, पण खाली दाटीनं माणसं नाचत होती. लोकांच्या खांद्यावर बसून त्यानं आईला पाहिलं. तिचे ओठ आता मिटले होते आणि ती पडद्याकडे बघतच नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

बाहेर मोबाईलवाले उभेच होते. मंडळाचे लोक एकमेकांत कुजबुजत होते की पिक्चर अगदीच टुकार आहे, मेव्हण्याला आता आवरलं पाहिजे, पण गाणं तेवढं जबरदस्त. बारा वर्षांत त्यांचं सगळ्यांचं एकमत पहिल्यांदा झालं होतं. कुणीतरी मायाप्पाच्या तोंडासमोर मोबाईल धरला. त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि त्याच्या तोंडातनं निघालं, 'एक नंबर.' आई तीन हातांवर उभी होती.

रिक्षात राजाबाई कडेला सरकून बसली. मग तिनं जेऊरकरला शिव्या द्यायला सुरुवात केली. हळू आवाजात, एकेक शब्द निवडून, मेंढरं राखणाऱ्या बायका कोल्ह्याला देतात तसल्या शिव्या. मेलेली पोर हाय हे ठावं असून असं केलं त्यानं, त्याच्या घरात काय लेकीबाळी न्हाईत का, असं म्हणाली. मायाप्पा ऐकत राहिला. प्रत्येक शिवीला त्याला बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. सात पिक्चर त्यानं हेच तर मनात म्हटलं होतं. नुसतं गप्प बसला असता, तर सगळं पाप जेऊरकरच्या खात्यावर गेलं असतं आणि आई लेकाच्या हातचं पाणी निवांत प्याली असती. पण ती म्हणाली की त्याच्या गळ्यात किडं पडतील. तिथं मायाप्पाला ते सोसेना. त्या गळ्यावर त्याचा अजून जीव होता.

"आई, त्येला म्या सांगितलंच न्हवतं," तो म्हणाला. "भीमा म्हंजे नदी, असंच त्येला वाटलं. म्या व्हय म्हनलो."

राजाबाईनं शिव्या थांबवल्या. एमआयडीसीच्या नाक्यावर ती त्याच्याकडे वळली.

"मग त्येचं काय चुकलं," ती म्हणाली.

गाणं चाललं. हळदीत, वरातीत, गणपतीच्या तयारीला लागलेल्या मंडळांत तेच. मायाप्पाचा नाचतानाचा व्हिडिओ जेऊरकरच्या माणसांनी स्वतःच्या पानावर टाकला आणि लोक टॉवेल डोक्यावर फिरवून तसं नाचायला लागले. कारखान्यात बसवराजनं एकदा मागापलीकडनं ओठांनी विचारलं, खूश का? मायाप्पानं मान खाली घालून तुटलेला धागा जोडला. मंडळाचं अध्यक्षपद त्यानं सोडलं नाही. सोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

श्रावणात भीमा बुडाली तो दिवस आला. राजाबाईनं उंबऱ्याबाहेर भाकरीवर दूध घालून ठेवलं, हात जोडले आणि आत येऊन जोंधळे निवडायला बसली. मायाप्पानं मुद्दाम रजा घेतली होती. जूनपासून घरात ती ओवी कुणी ऐकली नव्हती. बराच वेळ तो तिच्या ओठांकडे बघत बसला. ते हलले नाहीत. शेवटी त्यालाच राहवेना. आज तरी म्हण की, तो म्हणाला, कुणी न्हाई हितं.

राजाबाईनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला.

"तूच म्हन," ती म्हणाली. "तुला त्येच्यावर नाचता बी येतंय."