नळाच्या दिवसाची मेंदी

आरशासमोरून जाताना अक्का तळहात भांगावर ठेवायची. आमचं दुकान साड्यांचं, आरसे पावलोपावली, त्यामुळे तिचा हात सारखा डोक्यावरच. माल वेळेवर येईल का, गिऱ्हाईक परत फिरेल का, नवऱ्याला कुठं काम लागेल का, काहीही विचारा, उत्तर एकच: "व्हई जाई, ताई." होऊन जाईल.

जळगावच्या त्या दुकानात मी फॉल-पिकोच्या मशीनवर बसते. अक्का शालूच्या काउंटरला असायची. ते काउंटर म्हणजे दुकानाचं तोंड. नवरीकडच्या बाया गादीवर टेकल्या की अक्का शालू स्वतःच्याच खांद्यावर टाकायची, पदर पसरून उभी राहायची आणि त्यांच्या वन्संसारखी गप्पा मारायची. पिंपळनेरहून आलेली माणसं तिच्या गप्पांत शेवटची एसटी चुकवत.

अशी दुकानं तुम्हीही पाहिली असतील, पण तिथली एक रीत गिऱ्हाइकाला दिसत नाही. बाईचे केस पांढरे दिसायला लागले की ती मागं सरकते. आधी परकर-अस्तराकडं, मग गोदामात घड्या घालायला, मग घरी. कुणी तोंडानं बोलत नाही. अक्काच्या नवऱ्याची सूतगिरणी बंद पडली होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. म्हणून ती वर्षानुवर्षं केसांना रंग लावत होती.

एकदा रंग लावला आणि सकाळी कपाळ सुजलं, पापण्या उघडेनात. डॉक्टरांनी बजावलं की हा रंग तुम्हाला चालत नाही, पुन्हा लावलात तर जिवावर बेतेल. मी म्हटलं, मेंदी लाव. शिंदखेड्याला तिच्या भावाच्या शेताला मेंदीचंच कुंपण होतं. तिनं पाला आणला, वाळवला, कुटला, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवला आणि दुसऱ्या दिवशी भगवं डोकं घेऊन कामावर आली. दुकानातल्या पोरींनी गाजरहलव्याची मागणी केली. अक्काही हसली, पण त्या दिवशी पदर डोक्यावरून खाली आला नाही.

नुसती मेंदी काळी होतच नाही, पांढऱ्या केसावर ती लालच चढते. धुळ्याच्या तिच्या भाचीनं सांगितलं की मेंदी धुतल्यावर त्यावर निळीच्या पाल्याची पूड लावायची. कपड्याची नीळ नव्हे, झाडाची. तेही तिनं केलं. दुसऱ्या दिवसापर्यंत केस खरोखर काळेभोर झाले. दुकानाचे शेठ म्हणाले, "अक्का, शालू विकायचाय की स्वतःला घ्यायचाय?" ती लगीनसराई तिची फार छान गेली.

अडचण होती ती पाण्याची. मेंदी धुवायला दोन बादल्या, नीळ धुवायला आणखी दोन. आमच्याकडं नळ रोज येत नाही. नळाचा दिवस तोच तिचा मेंदीचा दिवस. मुळं पांढरी दिसोत न दिसोत, आधी नळ.

पुढच्या वर्षी ऐन वैशाखात नळ आला आणि मध्येच गेला. मेंदी धुऊन झाली होती, नीळ राहिली. शेजारणींकडंही प्यायच्या पाण्यापलीकडं काही नव्हतं. अक्का तशीच भगवी कामावर आली. चाळीसगावची मोठी पार्टी बसली होती, त्यातली एक म्हातारी शालू सोडून तिच्या डोक्याकडंच बघत राहिली. शेठ कुणाला वेडंवाकडं बोलत नाहीत. त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "अक्का, गिऱ्हाइकानं साडी बघायची की तुमचं डोकं? थोडे दिवस अस्तराकडं बसा."

थोडे दिवस म्हणजे काय, हे तिला माहीत होतं. संध्याकाळी तिनं बाजारातून काळी मेंदी आणली. पुडीवर हिरवं पान छापलेलं. थोड्याच वेळात केस काळे होतात आणि एका बादलीत धुऊन होतं, असं दुकानदारानं सांगितलं होतं.

दोन दिवसांनी मी तिला बघायला दवाखान्यात गेले. चेहरा ओळखू येत नव्हता. टाळूवर फोड फुटले होते, केस कापून काढले होते. डॉक्टर म्हणाले, काळी मेंदी म्हणजे तोच रंग, मेंदी नावालाच. मी चिडलेच होते. म्हटलं, एवढं बजावूनही रंग लावलास?

सुजलेल्या ओठांनी ती म्हणाली, "मी रंग कोठे लाया, ताई? मेंदीच शे ती." मेंदीच आहे ती.



ती बरी झाली. केस आले ते विरळ आणि पांढरे. शेठनी गोदामात जागा नाही म्हणून सांगितलं. त्यांची बाजू मला कळते, त्यानं काही बदलत नाही. शालूच्या काउंटरला आता एक पोरगी आहे. चुणचुणीत आहे.

यंदा शिंदखेड्याला एका लग्नाला गेले, तर मांडवामागं मोठ्या कढईपुढं अक्का बसलेली. आचाऱ्याच्या हाताखाली पुऱ्या तळत होती. डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं. नवऱ्याला काम लागलं का, म्हणून मी विचारलं. तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

तेवढ्यात नवरी पाणी प्यायला तिकडं आली. शालूच्या निऱ्या सुटून पायात येत होत्या आणि सोबतच्या मुलींना त्या नीट बसवता येईनात. अक्का अर्धी उठली. तेलानं माखलेल्या हातांकडं तिनं पाहिलं. मग खाली बसली आणि पुढची पुरी कढईत सोडली.