लिंकनची ती कबर आणि आमच्या गल्लीतली व्हॅन

बँक हॉलिडेच्या सुट्टीत कुठे जायचं यावर घरात महाभारत झालं आणि शेवटी इंग्लंडमधलंच लिंकन शहर ठरलं. नागपूरहून आलेल्या सासूबाईंना मोठं चर्च बघायचं होतं. लंडनजवळच्या आमच्या स्लाऊहून गाडीने साडेतीन तास. चर्च टेकडीवर आहे, पार्किंगही तिथेच शोधा. आम्ही खाली लावली, आणि स्टीप हिलच्या दगडी चढाने आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, गुडघ्यांचा अंत पाहिला. वाटेत एक जुनं दगडी घर दिसतं, मध्ययुगातल्या ज्यू कुटुंबाचं. तेव्हा नुसता फोटो काढून पुढे गेलो.

कॅथेड्रलबाहेर तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना स्लाऊच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला. शाळेजवळ मुलं पळवणारा फिरतोय, सोबत पांढऱ्या व्हॅनचा फोटो. व्हॅन आमच्याच गल्लीतल्या मारियुसची होती. तो रोमानियाचा, भंगार गोळा करतो; त्याची मुलगी माझ्या ओजसच्या वर्गात आहे. मला हसू आलं. आईंनी मात्र तोवर तो मेसेज स्लाऊमधल्या आजी-आजोबांच्या ग्रुपवर पाठवलाही होता.

"खरं-खोटं देव जाणे," त्या म्हणाल्या, "पण सावध केलेलं बरं."

आत एका वयस्कर गाईडबाईंनी लहान मुलाची कबर दाखवली. तेराव्या शतकात हा मुलगा विहिरीत मेलेला सापडला आणि ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी आवई उठली. पाहिलं कुणीच नव्हतं, तरी कितीतरी ज्यूंना फासावर चढवलं. पुढे पस्तीस वर्षांनी सगळ्याच ज्यूंना इंग्लंडमधून हाकललं. कबरीपाशी आता फलक आहे, ती गोष्ट खोटी होती असं सांगणारा. तो लागायला शतकं गेली.

माझा नवरा निखिल आईंना मराठीत सांगत होता. लोकांनी विश्वास कसा ठेवला, असं त्यांनी विचारलं. ख्रिस्ताच्या मरणाचा दोष चर्च आधीपासूनच ज्यूंच्या माथी मारत होतं, बाई म्हणाल्या. मग नवा आळ चिकटायला कितीसा वेळ लागतो?

आईंनी फोन काढला आणि मेसेज डिलीट केला. पण तो केव्हाच पुढे गेला होता, आणि वाटेत कुणीतरी 'पोलिसांनी कन्फर्म केलंय' असं जोडलंही होतं. व्हॅन कुणाची आहे ते मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले, बस्स.

येताना प्लम ब्रेड घेतला, तिकडचा मनुका घातलेला गोडसर पाव. लोणी लावून छान लागतो म्हणतात. आमचा पिशवीतच राहिला. गल्लीत शिरलो तेव्हा व्हॅनची पुढची काच फुटलेली होती. मला भयंकर लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी आई बेसनाचे लाडू घेऊन मारियुसच्या दारात उभ्या राहिल्या, मी मागे. बेल वाजवली. खिडकीत त्याची मुलगी दिसली, मला ओळखून हात हलवायला लागली. तिच्या आईने तिला झटकन आत ओढलं आणि पडदा लावून घेतला.