अप्पा बाहेरच थांबले

आमच्या घरात सगळे ओरडून बोलायचे. भांडण नसायचं, पण सोलापूरच्या भवानी पेठेत नव्याने राहायला आलेल्यांना पहिले आठ दिवस तसंच वाटायचं. अप्पांना ऐकू कमी यायचं, एवढंच. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर कान राहतील कशाला? माग चालू असले की तिथली माणसं आवाज न काढता, नुसते ओठ हलवून बोलतात. अप्पांनी ते मला लहानपणीच शिकवलं होतं. लग्नाच्या पंगतीत आम्ही दोघं या टोकाहून त्या टोकाला बोलायचो, आणि अव्वा, म्हणजे माझी आई, चिडायची, बापलेकीचं काय चाललंय ते आम्हालाबी कळू द्या की.

बारावीनंतर मी फार्मसीला जायचं ठरलं. सोलापुरात कॉलेजं होती, पण मला बाहेर जायचं होतं. का, ते विचारू नका. अठराव्या वर्षी घर सोडून कुठंही जावंसं वाटतं. अप्पा म्हणाले, "जा. पन तू राहनार ती जागा मी माझ्या डोळ्यांनी बघनार. खोली, वर्ग, जेवण, सगळं. मगच सही करीन." जन्मात पहिल्यांदा त्यांनी सलग आठ दिवस सुट्टी काढली. मे महिना होता, सोलापूर नुसतं भाजत होतं. साताऱ्याचं, वाईचं आणि पाचगणीजवळचं अशी तीन कॉलेजं बघायची आणि शेवटचा दिवस महाबळेश्वरला काढायचा, असा बेत होता. अव्वाने कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली. अप्पांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट चुरगळू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून एसटीत मांडीवर धरला होता. मी खुशीत होते. तेही होते, आणि लपवत नव्हते.

साताऱ्याच्या कॉलेजात ऑफिसच्या खिडकीसमोर रांग होती. आमचा नंबर आला आणि अप्पा माग चालू असल्यासारखे ओरडले, "पोरींना गरम पानी मिळतंय का?" सगळी रांग वळून बघायला लागली. आतल्या मॅडम कागदात बघत, खाली मान घालून काहीतरी सांगत होत्या. त्यांचे ओठ दिसेनात, म्हणून अप्पा खिडकीत वाकून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायला लागले. त्या दचकून खुर्चीसकट मागे सरकल्या. "अहो, काय बघताय?" असं काहीसं म्हणाल्या. आमच्या मागे दोन मुली आईबरोबर उभ्या होत्या, त्यांना हसू आवरेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पांच्या काही गावीच नव्हतं. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणखी मोठ्यानं.

मी तेव्हा पुढे होऊन सांगायला हवं होतं, मॅडम, यांना ऐकू येत नाही, ते तुमचे ओठ वाचतायत. एवढं एक वाक्य. ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मी अप्पांचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं.

वाईचं कॉलेज बंद होतं, शिपायाने नुसतं आवार दाखवलं. मग आम्ही पाचगणीची गाडी धरली. पसरणीचा घाट चढताना गार वारा यायला लागला, खाली धोम धरणाचं पाणी दिसत होतं, अप्पा लहान पोरासारखे खिडकीला चिकटले होते. माझ्या डोक्यात अजून साताराच चालला होता. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. मी आवाज न काढता ओठ हलवले, "उद्या तुम्ही आत येऊ नका. गेटाबाहेर बसा. माझी लाज जाते." गाडी खच्चून भरली होती, एकालाही काही कळलं नाही. अप्पांना शब्दन् शब्द कळला. त्यांनीच शिकवलेलं मी त्यांच्यावर चालवलं. जीभ कशी झडली नाही माझी, असं आजही वाटतं.

त्यांनीही नुसते ओठ हलवले, "बरं." आणि परत बाहेर बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी तो पांढरा शर्ट त्यांनी घातलाच. कॉलेजच्या गेटाबाहेर सिल्व्हर ओकचं झाड होतं, त्याच्याखाली दगडावर बसले, पिशवी मांडीवर घेऊन. मी आत गेले. इमारत डोंगराच्या कडेला होती, वर्गाच्या खिडकीतून दरी दिसायची, हॉस्टेल स्वच्छ होतं. दोन तासांनी बाहेर आले तर अप्पांनी वॉचमनशी दोस्ती केली होती. तो विजापूरकडचा निघाला, दोघांचं कानडीत जमलं होतं. एसटी स्टँड किती लांब, संध्याकाळी रस्त्यावर दिवे असतात का, मुलींना त्रास होतो का, सगळं त्यांनी विचारून घेतलं होतं. "चांगलं हाय म्हनतो. घे हितंच," असं ते म्हणाले. मला ते दुसऱ्यांदा विचारून ऐकावं लागलं, कारण ते फार हळू बोलले होते.

तेव्हापासून अप्पा हळू बोलायला लागले. स्वतःचा आवाज ऐकू न येणाऱ्याला हळू म्हणजे किती, ते कसं कळणार? कधी अगदीच पुटपुटल्यासारखं व्हायचं. महाबळेश्वरला एका पॉइंटवर कठड्याशी उभे राहून ते मला काहीतरी सांगत होते. दरीकडे तोंड होतं, वारा होता, मला एक अक्षर कळलं नाही. मी विचारलं, तर हातानेच काही नाही म्हणाले. काय सांगत होते कुणास ठाऊक. मीही खोदून विचारलं नाही.

सही त्यांनी घरी बसून केली, आतलं काही न बघता. प्रवेशाला मामाला पाठवलं. म्हणाले, "त्याला बोलता येतं." पुढे चार वर्षं दर सुट्टीनंतर मला सोडायला यायचे, गेटाशी ट्रंक उतरवायचे आणि मिळेल त्या गाडीने परत फिरायचे. मी एकदाही आत चला म्हटलं नाही.

पदवीच्या दिवशी म्हटलं. सगळ्यांचे आईवडील आत चालले होते, माझ्या मैत्रिणी हाक मारत होत्या. मी म्हटलं, "अप्पा, चला." ते म्हणाले, "मी हितंच बरा हाय. तू जा, उशीर होईल." हात धरला असता तर ते आले असते, हे मला तेव्हाही पक्कं माहीत होतं. मी धरला नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दीड वर्षाने अप्पा गेले. कारखान्यातच छातीत कळ आली. अजूनही पाहुणे आले आणि माझ्या शिक्षणाचा विषय निघाला की अव्वा कौतुकाने सांगते, "आमचे हे लई लाजरे. एवढं पोरीला शिकवलं, पन कॉलेजात एकदाबी पाऊल टाकलं न्हाई. आत चला म्हनून पोरगी विनवायची, तरी बाहेरच बसायचे." पाहुणे हसतात. मग अव्वा माझ्याकडे बघून म्हणते, "व्हय की न्हाई गं?" आणि मी व्हय म्हणते.